चार नंबरच्या इंजिनावरचा सात

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे एक्क्याऐंशी, बंदर रेल्वेच्या वर्कशॉपमधला निवृत्त अक्षर-रंगारी, माझ्या मालकीच्या चीजवस्तूंची आणि मनावरच्या एका ओझ्याची व्यवस्था खाली लिहिल्याप्रमाणे लावून ठेवत आहे. मी पूर्ण शुद्धीवर आहे. आज सकाळी डॉक्टरांनी मला वार विचारला, तारीख विचारली आणि शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. ते एकावन्नला पुरे म्हणाले, मी दोनपर्यंत जाऊन थांबलो. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. भाची गोळ्या वेळेवर घ्यायचा आग्रह धरते, पण वकीलबाईंच्या मते कायदा त्याला दबाव म्हणत नाही.

हा मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. वकीलबाई टाइप करून देणार होत्या, मी नको म्हटलं. अडतीस वर्षं मी इंजिनांवर नंबर काढले. स्वतःचा शेवटचा कागद मशीनकडून लिहून घेणं मनाला पटेना. हाताने लिहिण्याला आणखीही एक कारण आहे, ते सातव्या कलमात येईल.

कलम एक. याआधी मी काही इच्छा लिहून ठेवल्या असतील तर त्या रद्द समजाव्यात. विशेषतः सहा वर्षांपूर्वी कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलेली, ज्यात भाचीला काहीही मिळू नये असं म्हटलं आहे. त्या दिवशी तिने माझे फोटो ओल्या फडक्याने पुसले होते. फोटो वाळले, रागही गेला.

कलम दोन. औषधांच्या दुकानावरच्या माझ्या दोन खोल्या, गॅलरी आणि जिन्याखालचं कपाट माझ्या बहिणीच्या मुलीला, म्हणजे भाचीला, मिळावं. बायको गेल्यानंतर या मुलीने मला एकदाही जाणवू दिलं नाही की ती माझ्यासाठी काही करते आहे. भांडत भांडत करते, त्यामुळे उपकारांखाली दबल्यासारखं वाटत नाही. तिचे आभार मी तोंडावर मानले तर ती म्हणेल, मामा, तुम्हाला ताप आहे का? म्हणून इथे मानतो. एकच विनंती: उत्तरेच्या खिडकीला जाड पडदा लावू नये. फोटो बघायला तसा उजेड गावात दुसरीकडे नाही.

कलम तीन. बँकेत जे आहे तेही तिचंच. त्यातून सातव्या कलमातला पाटीचा खर्च आधी करावा.

कलम चार. माझे खारीच्या केसांचे ब्रश, हाताखाली टेकवायची काठी आणि रंग खलायची संगमरवरी फरशी कोपऱ्यावर दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या बाईंना द्यावी. सगळं गाव छापील फलकांच्या मागे लागलेलं असताना त्या अजून हाताने अक्षरं काढतात. ब्रश रॉकेलमध्ये धुवावेत आणि टांगून वाळवावेत, उभे करून ठेवू नयेत. त्यांना हे माहीत असणार, तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

कलम पाच. माझी दुमडती शिडी नऊ वर्षांपूर्वी माझ्या मेहुण्याने दोन दिवसांसाठी म्हणून नेली. ती मी त्यालाच देत आहे. त्याच्याकडे बघून मी अनेकदा दातओठ खाल्ले आहेत, हे कबूल करतो. पण त्याची बहीण, म्हणजे माझी बायको, आजारी होती, तेव्हा दर मंगळवारी याच माणसाने तिला खुर्चीसकट उचलून हा जिना उतरवला आणि संध्याकाळी परत चढवला. सात महिन्यांत एकदाही उशीर केला नाही. तेव्हा शिडीचा विषय मी यापुढे काढणार नाही.

कलम सहा. बायकोचं शिलाई मशीन भाचीने ठेवावं, विकू नये. त्यामागची गोष्ट लिहून ठेवतो, कारण ती माहीत असलेला मी एकटाच उरलो आहे.

वर्कशॉप बंद पडल्यावर मला रिकामपण खायला उठलं. तेव्हा मी जुन्या रेल्वेचे फोटो जमवणाऱ्या मंडळात जाऊ लागलो. तिथे लोक आजोबांच्या पेटीत सापडलेले फोटो पाठवत आणि विचारत, हे इंजिन कोणतं, कुठल्या कारखान्यात बनलं? माझा जीव टाकीच्या इंजिनांवर. ही लहान इंजिनं पाण्यासाठी मागे वेगळा डबा ओढत नाहीत, बॉयलरच्या दोन्ही बाजूंना टाक्या लावून पाणी अंगावरच वागवतात. फोटोत पाटी वाचता येत नसली तरी धुराड्याची कड, केबिनची खिडकी, टाकीवरच्या रिव्हेटांच्या ओळी पाहून इंजिनाचं माहेर ओळखता येतं. मी जेवायच्या टेबलावर फोटो पसरायचो. बायकोने त्या टेबलावर जेवणं कधी सोडलं ते मला आठवतही नाही. तिने खिडकीपाशी मांडी घालून जेवायला सुरुवात केली आणि तक्रार केली नाही.

एकदा एका फोटोने मला तीन आठवडे छळलं. इंजिन सगळं ओळखीचं, पण ड्रायव्हरची बाजू चुकीची. मी वेगळाच कारखाना असणार म्हणून बसलो होतो. ती शिवता शिवता उठली, फोटोवर वाकली आणि म्हणाली, "या ड्रायव्हरने बायकोचा शर्ट घातलाय का? बटणपट्टी उलट्या बाजूला आहे." फोटो उलटा छापलेला होता. इंजिनातलं तिला काडीचं कळत नव्हतं. शर्टातलं कळत होतं. त्यानंतर मी प्रत्येक फोटोत आधी माणसांचे कपडे पाहायला लागलो. मंडळात माझी वाहवा झाली आणि मी ती एकट्याने घेतली. ती इथे परत करतो.

कलम सात. हे कलम वाटपाचं नाही, कबुलीचं आहे. वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्रात याची गरज नाही. मी म्हटलं, मला आहे.

बंदर रेल्वेकडे टाकीची नऊ इंजिनं होती. पहिली पाच टेकडीवरच्या कारखान्यातली: केबिनला गोल खिडकी, सरळ धुराडं, टाकीवर रिव्हेटांच्या दोन ओळी. पुढची चार नदीकाठच्या कारखान्यातली: चौकोनी खिडकी, धुराड्याला रुंद कड, टाकीवर तीन ओळी. नऊच्या नऊ भंगारात गेली. मग बारा वर्षांपूर्वी मंडळाकडे एक फोटो आला. टाकीवर सात नंबर आणि रिव्हेटांच्या तीन ओळी, म्हणजे नदीकाठचं. पण खिडकी गोल आणि धुराडं सरळ, म्हणजे टेकडीवरचं. अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं.

मी त्यावर आठ महिने घालवले आणि मंडळाच्या पत्रकात अकरा पानांचा लेख लिहिला. मूळ सात नंबर मोडीत निघाल्यावर रेल्वेने एका तिसऱ्याच, आजवर कोणाला माहीत नसलेल्या कारखान्याकडून एक इंजिन घेतलं आणि त्याला तोच नंबर दिला, असा माझा निष्कर्ष. लोकांनी तो डोक्यावर घेतला. गावच्या संग्रहालयाने फोटो मोठा करून भिंतीवर लावला आणि खाली पाटी बसवली: अज्ञात कारखान्यातलं एकमेव इंजिन.

विरोध एकाच माणसाने केला. मंडळात सगळे त्यांना मास्तर म्हणतात. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. दर गुरुवारी ते माझ्याकडे यायचे, खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे, आणि आम्ही दोन भिंगं घेऊन एकाच फोटोवर डोकी टेकवायचो. माझा एवढा चांगला मित्र दुसरा झाला नाही. सभेत ते उठून शांतपणे म्हणाले, "हे इंजिन बनवलेलं नाही, जुळवलेलं आहे. एकाची टाकी दुसऱ्यावर बसवली आहे. खाली बघा, लाकडी पाचर दिसते."

मी म्हटलं, ती सावली आहे. मग म्हटलं, आमच्या वर्कशॉपमध्ये टाक्यांची अदलाबदल करायची नाही असा सक्त नियम होता, कधीच झाली नाही, मी तिथे होतो. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण टाळ्यांची चटक लागली होती. मी म्हणालो, "मास्तरांनी जन्मभर नकाशांवर बोट फिरवलं. इंजिनाला हात लावलेला माणूस मी आहे." सभा हसली. मास्तरांनी भिंग खिशात ठेवलं, छत्री घेतली आणि गेले. तो गुरुवार नव्हता, पण त्यानंतरचा एकही गुरुवार आला नाही. या गोष्टीला अकरा वर्षं झाली.

चार वर्षांपूर्वी तो फोटो काढणाऱ्या फोटोग्राफरच्या नातीला काचेची मूळ निगेटिव्ह सापडली आणि तिने मला नवी, मोठी, स्वच्छ प्रत पाठवली. तिचेही आभार, जरी त्या दिवशी ते सुचले नाहीत. मी फोटो खिडकीत धरला. टाकीखाली सावली नव्हती, पाचर होती. रिव्हेट मोजत मी नंबरावर आलो आणि माझा हात थांबला. सातच्या शेपटाला टोकाशी जवाच्या दाण्याएवढी गाठ होती आणि तिथून रंग आत वळला होता.

लहानपणी दारात चेंगरून माझ्या उजव्या अंगठ्याचं पेर वाकडं झालं. ब्रशचा शेवटचा फटकारा मारताना तो अंगठा साथ देत नाही. बाकीचे आकडे मी सांभाळून घेतो, सातचं शेपूट मला कधीच सांभाळता आलं नाही. ज्या उस्तादांनी मला काम शिकवलं ते म्हणायचे, "पोरा, हा सात आहे की विळा?" त्यांनी मला हजारदा पुसायला लावलं आणि शेवटी हात टेकले. तो सात माझा होता.

मग सगळं आठवलं. मी एकोणीस वर्षांचा होतो. नवीन साहेबांनी वरच्या ऑफिसला सात नंबरचा फोटो पाठवायचं कबूल केलं होतं, आणि सातचा बॉयलर खोलून पडला होता. चार नंबर उभं होतं, पण त्याची एक टाकी ठिगळ लावायला गेली होती. फोरमन म्हणाले, "साहेबांना सात पाहिजे ना? सात देऊ." कॅमेऱ्याकडच्या बाजूला सातची टाकी चढवली. चार बोल्टांपैकी दोनच जुळले, म्हणून खाली लाकडी पाचर ठोकली. नंबर फिका झाला होता, तो मला उजळायला सांगितला. फोटो निघाला, जेवणाच्या सुट्टीआधी टाकी उतरली आणि आम्ही सगळे ते विसरलो. मी इतके सात काढले की हा वेगळा आठवायचं काही कारण नव्हतं.

म्हणजे ज्या इंजिनाचा कारखाना मी जगभर शोधला, ते अर्ध्या दिवसापुरतं मीच रंगवलं होतं. आणि मी तिथे होतो, हे ज्या तोऱ्यात सांगितलं, ते खरंच होतं; तिथे असूनही मला दिसलं नाही आणि तिथे नसलेल्या मास्तरांना दिसलं.

हे कळल्यावर मी त्याच दिवशी मास्तरांकडे जायला हवं होतं. गेलो नाही. फोटो ड्रॉवरमध्ये तळाशी ठेवला. पुढच्या वर्षी एका संशोधक बाईंचं पत्र आलं. त्या तिसऱ्या कारखान्याच्या शोधात त्यांनी दोन उन्हाळे दप्तरखान्यात धूळ खात काढले होते, आणि दिशा दाखवल्याबद्दल माझे आभार मानले होते. तरीही मी त्यांना खरं कळवलं नाही. मला लाज वाटते. चूक झाल्याची तेवढी नाही, चार वर्षं झाकून ठेवल्याची वाटते.

म्हणून अशी व्यवस्था करतो: सोबतचं दुरुस्तीचं टिपण मंडळाच्या पत्रकात पहिल्या पानावर छापावं आणि एक प्रत त्या संशोधक बाईंना माझ्या माफीसह पाठवावी. संग्रहालयाची पाटी माझ्या खर्चाने बदलावी. नव्या पाटीवर लिहावं: चार नंबरचं इंजिन, सात नंबरच्या टाकीसह. हे इंजिन बनवलेलं नाही, जुळवलेलं आहे. खाली मास्तरांचं नाव घालावं, माझं घालू नये. माझं आधीच टाकीवर आहे.

कलम आठ. माझे सगळे फोटो, बत्तीस अल्बम, वह्या आणि दोन्ही भिंगं मास्तरांना मिळावीत. बदल्यात त्यांनी मला माफ करावं अशी अट नाही.

इथवरचा मजकूर एक तारखेला लिहून झाला. साक्षीदार म्हणून खालचे औषधवाले आणि कोपऱ्यावरचे न्हावी यायचे ठरले होते. वकीलबाई पाच तारखेला येणार होत्या, त्यांच्याकडून मी सात तारीख मागून घेतली. कारण शेवटी दिसेल.

पुरवणी, आजच्या तारखेची. दोन तारखेला भाचीने हा मसुदा वाचला. मी वाचायला दिला नव्हता, ती फडकं मारत होती. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "मामा, मेल्यावर माफी मागून काय उपयोग? त्यांना काही बोलायचं असलं तर त्यांनी ते कोणाशी बोलायचं?" मी म्हटलं, ते येणार नाहीत. तिने चपला घातल्या आणि गेली.

तासाभराने जिन्यावर काठीचा आवाज आला. मास्तर आता चौऱ्याऐंशीचे आहेत, तिसऱ्या पायरीवर थांबून दम घेतात. आत येऊन ते त्यांच्या जुन्या खुर्चीत बसले. मी काही बोलायच्या आत त्यांनी हात पुढे केला. मी सातवं कलम दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग ड्रॉवरकडे बोट दाखवलं. मी फोटो काढून दिला. त्यांनी खिशातून भिंग काढलं, तेच, पितळी कडेचं, आणि खिडकीकडे वळले. माझं छातीचं दुखणं डॉक्टरांना माहीत आहे. त्या पाच मिनिटांत माझं काळीज कसं टिकलं हे त्यांनाही सांगता येणार नाही.

"एक सात काढा," मास्तर म्हणाले.

मी लग्नाच्या पत्रिकेच्या पाठीवर सात काढला. शेपूट आपल्या वळणावर गेलं. त्यांनी दोन्ही सात शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. मग भिंग खाली ठेवलं आणि डोळे पुसले. मला वाटलं, उजेडाने पाणी आलं असेल.

"अकरा वर्षं मला वाटत होतं, माझी नजर गेली," ते म्हणाले. "पाचर मला स्पष्ट दिसली होती. तुम्ही सावली म्हणालात आणि तुम्ही तिथे होतात. मग मी फोटो बघायचंच सोडलं. जे दिसतं ते खरं असतं याची खात्री राहिली नाही, रंगारी."

मी त्यांच्याकडून सभेतला मान घेतला होता एवढंच मला माहीत होतं. त्यांचे डोळे घेतले होते हे माहीत नव्हतं. मी त्यांचे पाय धरायला वाकलो. ते म्हणाले, "राहू द्या, तुम्हाला उठवायला पुन्हा भाचीला बोलवावं लागेल." आणि मग त्यांनीच विचारलं, बाकीचे फोटो कुठे आहेत? दिवे लागेपर्यंत आम्ही तीन अल्बम पाहिले. एका इंजिनावरून भांडणही झालं. इतका आनंद मला बायको गेल्यापासून झाला नव्हता.

आज वकीलबाई आल्या तेव्हा मास्तरही आले होते. त्यांनी साक्षीदार व्हायची इच्छा सांगितली. वकीलबाईंनी बजावलं की साक्षीला सही करणाऱ्याला या मृत्युपत्रातून काहीही घेता येणार नाही. बत्तीस अल्बम की सही, एकच काय ते ठरवा. त्यांना विचार करायला वेळ हवा का, असंही त्यांनी विचारलं. मास्तर म्हणाले, "अल्बम कोणाकडेही नीट राहतील. हा हात ओळखणारा साक्षीदार मात्र मी सोडून दुसरा मिळणार नाही." न्हाव्यांना तसा निरोप पाठवला.

तेव्हा कलम आठ रद्द. फोटो, अल्बम, वह्या आणि भिंगं भाचीला मिळावीत. टेबल खिडकीपाशीच राहील, आणि दर गुरुवारी मास्तर त्या खुर्चीत बसून हवे ते फोटो पाहतील, असं तिने मला सांगितलं आहे. खुर्ची त्यांना देत नाही, फक्त बसायला सांगतो आहे. यात कायद्याची हरकत नाही, हे विचारून घेतलं. फोटो ओल्या फडक्याने पुसू नयेत.

वर लिहिलेलं सगळं मी स्वतः लिहिलं, स्वतः वाचलं, आणि ते मला मान्य आहे. मला जे मिळालं ते माझ्या लायकीपेक्षा जास्त होतं. ते मी मोजून पाहिलं, आणि भरल्या मनाने सही करतो. तारीख मुद्दाम आकड्यांत घातली आहे.

ठिकाण: माझं राहतं घर, उत्तरेच्या खिडकीजवळचं टेबल.
दिनांक: ७ / ७. वर्ष वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे.
सही: निवृत्त अक्षर-रंगारी, बंदर रेल्वे वर्कशॉप.

साक्षीदार पहिले: औषधांचे दुकानदार, तळमजला. सही माझ्यादेखत झाली. यांच्या गोळ्यांची वेळ झाली आहे.

साक्षीदार दुसरे: मास्तर, निवृत्त भूगोलशिक्षक. सही माझ्यादेखत झाली. तारखेतले दोन्ही सात मी माझ्या भिंगाखाली, माझ्या डोळ्यांनी तपासले. फोटोतला हात हाच आहे.